जरा उजेडात नेऊन बघ

अगं, रागावू नकोस, पण स्पष्टच सांगते. पिल्लाला खाली बागेत नेलंस की लगेच "हा कोणता रंग? आणि हा?" असं विचारायचं थांबव. तुझ्या मनात त्याला शिकवायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण त्या प्रश्नाला उत्तर एकच असतं आणि ते देऊन टाकलं की पोर मोकळं होतं. पान हिरवं, फूल लाल, आभाळ निळं, संपलं. मग ते पानाकडे पुन्हा बघतच नाही. बरोबर आलं का, म्हणून तुझ्या तोंडाकडे बघत राहतं.

आणि नावं येत नाहीत म्हणून धीरही सोडू नकोस. बाळाला रंग दिसायला लागतात ते पहिल्या काही महिन्यांतच. नावं मात्र फार उशिरा बसतात, तीन-चार वर्षांपर्यंत घोळ चालूच असतो. मी दादरला बालवाडीत शिकवायचे तेव्हा हे रोज दिसायचं. लाल मणी हातात देऊन "अस्साच दुसरा आण" म्हटलं की पोर बिनचूक आणायचं, आणि त्यालाच "लाल मणी आण" म्हटलं की गडबडायचं. म्हणून आधी जोड्या लावू देत, मग छटा कळू देत. नावं सगळ्यांत शेवटी आली तरी चालतात.

तू साडीवर ब्लाउजपीस घ्यायला दादरच्या मॅचिंग सेंटरमध्ये जातेस, तेव्हा काय होतं आठव. दुकानदार एकामागोमाग एक लाल तागे काढतो आणि तू मान हलवतेस. हा विटकरीकडे जातोय, हा राणीकडे झुकतोय, यात जरा काळपटपणा आहे. शेवटी दोन तुकडे उरतात, ते घेऊन तू दुकानाच्या दाराशी येतेस, कारण ट्यूबलाइटवर तुझा भरवसा नसतो. रंग उजेडात बघायचा, शेजारी दुसरा ठेवून बघायचा आणि घाई करायची नाही, हे तुला कुणी शाळेत शिकवलं नाही. लालबाग-परळच्या कितीतरी घरांत तर गिरणीच्या रंगखात्यात काम केलेली माणसं होती, कापडाच्या छटेतला बारीक फरक ओळखण्यावर त्यांचं पोट होतं. पिल्लाला हीच नजर द्यायची आहे. फक्त कापडाच्या जागी पान, फूल, दगड, पाणी.

आता करायचं काय, ते सांगते. तुमच्या गल्लीतल्या शिंप्याकडून चिंध्या मागून आण, नाही म्हणणार नाही तो. त्यातल्या हिरव्या तेवढ्या वेगळ्या काढ. पोपटी, शेवाळी, मेंदी, पिस्ता, बाटलीचा हिरवा, मोरपंखी, जे मिळेल ते. पिल्लाच्या हातात एक चिंधी दे, खाली उतर आणि म्हण, "हिच्यासारखं पान शोधू या." बाकी काही बोलू नकोस. ते एकेका पानाजवळ चिंधी धरेल आणि मग त्याला दिसायला लागेल की आंब्याचं पान वरून गडद आणि खालून फिकं असतं, वडाच्या पानातल्या शिरा पिवळट असतात, तुळशीच्या मंजिरीला जांभळी झाक असते, सावलीतलं पान आणि उन्हातलं पान एकाच फांदीचं असून वेगळं दिसतं. खूप शोधूनही चिंधी कुठल्याच पानाशी तंतोतंत जुळणार नाही. "आई, हे पण नाही, ते पण नाही," असं कुरकुरत येईल तुझ्याकडे. त्या वेळी त्याला घाईने दुसरी चिंधी देऊ नकोस. त्या कुरकुरीतच सगळं काही आहे. "हिरवा" म्हणून एक रंग नसतो, हे त्याला तेव्हा स्वतःचं स्वतः कळलेलं असतं.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळ. तोडायचं नाही, खाली पडलेलं उचलायचं. मुंबईच्या झाडांखाली बारा महिने काही ना काही पडलेलं असतं, त्यामुळे पोराला कमी पडणार नाही.

हे सगळं मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही. मॉन्टेसरीच्या साहित्यात रंगाच्या पट्ट्यांची एक पेटी असते, नऊ रंग आणि एकेकाच्या सात-सात छटा, अशा ६३ पट्ट्या. मुलानं त्या गडदपासून फिक्यापर्यंत ओळीनं लावायच्या. आपल्या ताराबाई मोडकांनी हे शिक्षण मराठी मुलांच्या अंगणात आणलं. दादरला त्यांचं शिशुविहार होतं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी पाड्यांवर महागड्या लाकडी पेट्या कुठून येणार? मग शिंपले, बिया, खडे, पानं, फुलं हेच साहित्य झालं. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणातच शाळा नेली. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ मिळालं तर जरूर वाच. आज भरमसाट फी घेणाऱ्या नर्सरीत प्लास्टिकची पानं भिंतीला चिकटवलेली बघते आणि खिडकीबाहेर खरं झाड उभं असतं, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

"लालबागमध्ये कुठला आलाय निसर्ग?" असं तू म्हणशील. माझं म्हणणं आहे की तुला निसर्ग नकोच आहे, तुला एक झाड हवंय. एकच. शाळेच्या वाटेवरचं, बसस्टॉपजवळचं, देवळामागचं, कुठलंही. ते पिल्लालाच निवडू दे आणि वर्षभर त्याच झाडापाशी रोज घटकाभर थांबा. नवं झाड दाखवायला दर रविवारी लांब नेण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे, कारण रंग बदलताना दिसायला हवा, आणि तो बदलतो सावकाश.

माझं ऐकशील तर बदामाचं झाड निवड. गिरगावातल्या जुन्या वाड्यांत, शाळांच्या आवारात, किनाऱ्यालगत ते हमखास असतं. थंडीच्या अखेरीस त्याची पानं लाल व्हायला लागतात, आणि सगळी एकदम नाही. एकाच पानात देठाशी हिरवा, मधे पिवळा, कडेला नारिंगी, टोकाला किरमिजी, असं असतं. पान चांगलं तळहाताहून मोठं, पोराच्या हातात छान बसतं. अशी दहा-बारा पानं गोळा करून गॅलरीत सर्वांत हिरव्यापासून सर्वांत लालपर्यंत ओळीनं मांडायला सांग. ती मॉन्टेसरीची पेटी तुझ्या दारात फुकट पडलेली असते.

बदाम नसेल तर पिंपळ. चैत्रात पिंपळाला पालवी फुटते ती हिरवी नसतेच. गुलाबी, तांबूस, उन्हात आरपार दिसणारी. आंब्याची कोवळी पानं तर चक्क आमसुली असतात आणि मऊ, लोंबलेली. पिल्लू विचारेल, "लाल का?" तर सरळ सांग की पान अजून कोवळं आहे, त्यात हिरवं द्रव्य पुरतं भरलेलं नाही, आणि हे लाल द्रव्य त्याला कडक उन्हापासून जपतं, किडीपासूनही जपत असावं असं शास्त्रज्ञ मानतात. चार वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. पान जून झालं की हिरवं होईल, हे मात्र सांगून टाकू नकोस. ते त्याला दिसू दे.

एक जुनी वही कर. त्यात पडलेलं पान चिकटवायचं, शेजारी तारीख घालायची आणि खडूनं त्या पानाचा रंग जुळवायचा प्रयत्न करायचा. एका खडूनं जुळत नाही, हिरव्यावर पिवळा, त्यावर जरासा तपकिरी घासावा लागतो, हे मुलांना वहीवरच कळतं. झाडाचं खोड मात्र सगळी पोरं डोळे मिटून तपकिरी रंगवतात. त्यावर बोलू नकोस, खाली नेऊन खोडाला हात लावायला लाव. पर्जन्यवृक्षाचं खोड काळपट करडं, पावसाळ्यात त्यावर शेवाळाचा हिरवा थर. पेरूचं खोड गुळगुळीत, जागोजागी साल निघालेली, खाली फिकट हिरवट. पुढचं चित्र आपोआप बदलतं.

आपल्या भागातलं वर्ष तसं रंगांनीच मोजता येतं. थंडी सरता सरता काटेसावर आणि पांगारा पानं टाकून लालेलाल होतात. एप्रिलमध्ये बहाव्याचे पिवळे घोस लोंबायला लागतात. मे महिन्यात ताम्हण जांभळट गुलाबी फुलतं. ते आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल आहे, आणि महाराष्ट्र दिनाच्या सुमारास रस्त्याकडेला फुललेलं असतं, तरी कितीतरी जणांनी ओळखून पाहिलेलं नसतं. शिवाजी पार्कच्या बाजूला फिरताना वर बघत चल. मग गुलमोहर. त्याचं एक फूल खाली पडलेलं उचल आणि पाकळ्या मोजायला दे. चार लाल आणि पाचवी वेगळी, पांढरट पिवळी, लाल ठिपक्यांची. आपण लहानपणी ती आंबट पाकळी खायचो, केसर एकमेकांत अडकवून झुंजी लावायचो, फुलाखालचे हिरवे दल नखांना चिकटवून नखं वाढवायचो. त्या दलांची आतली बाजू लाल असते, आठवतं? हे खेळ पिल्लाला शिकव, कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या फुलाचे रंग त्याला जास्त नीट कळतील.

तुला स्वतःला वाचायचं असेल तर दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आहेच, महिन्यामागून महिना जाणारं. आणि डॉ. शरदिनी डहाणूकरांचं ‘फुलवा’. तुमच्या परळच्या केईएमच्या बाई त्या, औषधशास्त्र शिकवायच्या आणि झाडाफुलांवर इतकं जीव लावून लिहायच्या. रुग्णालयाच्या गर्दीत राहूनही बाईंची नजर झाडावरून हटली नाही, हे मला फार मोठं वाटतं.

आता माझी सगळ्यांत आवडती गोष्ट. तुमच्या सोसायटीच्या कुंपणावर मधुमालती असेल, बघ. मुंबईत ती पत्र्यावर, भिंतीवर, वॉचमनच्या खोलीवर, कुठेही चढलेली असते. तिच्या एकाच झुपक्यात पांढरी, गुलाबी आणि लाल फुलं दिसतात. मुलांना वाटतं तीन जातींची फुलं आहेत. प्रत्यक्षात फूल संध्याकाळी उमलतं ते पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, आणि मग लाल. पांढऱ्या फुलावर रात्री पतंग येतात, गुलाबी-लाल झाल्यावर दिवसा मधमाश्या, पाखरं येतात. हे पिल्लाला गोष्ट म्हणून सांगू नकोस. संध्याकाळी एका पांढऱ्या फुलाच्या देठाला सैलसर दोरा बांध आणि सकाळी शाळेला जाताना दोऱ्याचं फूल शोधायला सांग. संध्याकाळी परत. असं दोन-तीन दिवस. मी कितीतरी मुलांबरोबर हे केलंय, आणि त्या दुसऱ्या सकाळी प्रत्येक पोराचा आवाज चढतो. समुद्राकडेच्या पारसपिंपळाचंही तसंच, सकाळचं पिवळं फूल कोमेजता कोमेजता गुलाबी-जांभळं होऊन गळतं. सीतेचा अशोक तर पिवळा-नारिंगी फुलतो आणि लाल होत जातो.

घरी करायचं असेल तर गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात घाल, गार झाल्यावर लिंबू पिळ आणि निळ्याचं जांभळं होताना बघू दे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे तर तुला धुण्याच्या दिवशी दिसतंच. तोही दाखव.

दादरचा फुलबाजार मात्र एकदा तरी पहाटे दाखवायचा. स्टेशनबाहेरची ती गर्दी लहान मुलाला नेण्यासारखी नाही असं घरचे म्हणतील. दसरा-दिवाळीच्या आदल्या दिवशी नकोच, पण साध्या वारी लवकर जा, कडेवर घे आणि एका टोपलीपाशी उभी राहा. झेंडूचा पिवळा आणि झेंडूचा केशरी शेजारी शेजारी ठेवलेले असतात. अबोली म्हणताना अबोलीचा गजरा त्याच्या हातात दे. साड्यांच्या रंगांची आपली नावं, डाळिंबी, अंजिरी, गुलबक्षी, वांगी, ही आजीकडून पिल्लाच्या कानावर पडू देत, आणि प्रत्येक नावाची वस्तू एकदा तरी त्याला दिसू दे. हरतालिका-गणपतीच्या आधी पत्रीचे ढीग येतात, तेव्हा घरी आणलेल्या जुडीतली पानं पूजेआधी त्याला निवडायला बसव. बेल, दूर्वा, शमी, आघाडा, डोरली. इतके हिरवे एका ताटात दुसऱ्या कुठल्या दिवशी मिळत नाहीत. आणि तुमच्या लालबागला तर उन्हाळ्यात मसाल्याच्या मिरच्या असतात. बेडगी आणि संकेश्वरी शेजारी ठेवून विचार, जास्त लाल कोणती. फक्त हात डोळ्याला लागू देऊ नकोस.

नवरात्रात आपण सगळ्या नऊ रंगांच्या साड्या नेसतो. त्या नऊ दिवसांत पिल्लाला त्या दिवसाचा रंग बाहेर शोधायला लाव. पिवळा, हिरवा चटकन सापडतो. करड्याला वेळ लागतो, आणि म्हणूनच तो दिवस सर्वांत चांगला. कावळ्याची मान, पावसाळी ढग, खोडावरची दगडफुलं, बेसॉल्टचा जुना दगड, सगळं करडं आणि सगळं वेगळं.

निळा मात्र निसर्गात दुर्मिळ. समुद्र निळा असतो असं चित्रात रंगवतात, पण गिरगाव चौपाटीवर उभं राहून पिल्लाला बघू दे. पावसाळ्यात पाणी गढूळ, तपकिरी. दिवाळीनंतर हिरवट. सूर्य बुडताना तांबूस. "आपला समुद्र आज कसा आहे?" एवढाच प्रश्न विचार, "कोणत्या रंगाचा?" असं नको. मुलं भन्नाट उत्तरं देतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईत ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहा-सातच्या आसपास असते आणि पाणी खूप आत जातं, तेव्हा ओली वाळू आणि कोरडी वाळू यांचा रंग शेजारी शेजारी बघायला मिळतो. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाची मंडळी २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर घेऊन जातात. खडकातली समुद्रफुलं, खेकडे, रंगीत गोगलगायी आपल्याच मुंबईच्या काठावर असतात, हे त्यांच्यामुळे हजारो घरांना कळलं. पोर जरा मोठं झालं की त्यांच्याबरोबर जा.

आणि चौपाटीची एक ताकीद, ही हसण्यावारी नेऊ नकोस. पावसाळ्यात वाळूवर काचेसारखे निळे फुगे वाहून येतात, लांब निळ्या दोऱ्या असलेले. त्यांना ब्लूबॉटल म्हणतात. इतका सुंदर निळा की पोर हात घालणारच. त्यांचा डंख भयंकर असतो, मेलेलं दिसलं तरी डसतं. लांबून बघायचं. चुकून लागलंच तर चोळायचं नाही, तडक डॉक्टरकडे.

तसंच झाडांचं. कण्हेरीचा चीक विषारी, फूलही तोंडात जाता कामा नये. लाल-काळी गुंज दिसायला फार गोड आणि चावली गेली तर जीवघेणी. रंग डोळ्यांनी बघायचा, आपणहून तोंडात काही घालायचं नाही, हे गुलमोहराची पाकळी चाखायला देण्याआधी शंभरदा सांग. आणि पावसाळ्यात वारा सुटला की झाडाखालून निघायचं, मुंबईची झाडं कोसळतात.

पाखरांचं तुला वेगळं काही करायला नको. गॅलरीतल्या कबुतराला आपण हाकलतोच, पण हाकलण्याआधी एकदा पिल्लाला त्याची मान दाखव. मान वळली की हिरवी, परत वळली की जांभळी. तो रंग पिसात भरलेला नसतो, पिसांवर उजेड पडून परततो तेव्हा तयार होतो. म्हणून कबुतर उन्हात येईपर्यंत थांबायचं. कढीलिंबाची कुंडी ठेव, म्हणजे फुलपाखरं येऊन अंडी घालतील. अळी आधी पाखराच्या शिटेसारखी काळी-पांढरी दिसते आणि मोठी झाली की पानासारखी हिरवी होते, दोन्ही वेळा लपण्यासाठीच. चार पानं ती खाईल, खाऊ दे. थंडीत शिवडीला रोहित पक्षी बघायला नेलंस तर गुलाबी थव्यात करडी पिल्लं शोधायला सांग. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातल्या शेवाळातून येतो, पिल्लं मोठी होता होता गुलाबी होतात. शिवडीला आता पूर्वीइतके थवे दिसतीलच असं नाही, भरतीची वेळ बघून जा.

संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलीस तर आणखी एक गंमत. उजेड कमी होत जातो तसं लाल फूल आधी काळं पडतं आणि पानाचा हिरवा मात्र बराच वेळ टिकतो. आपल्या डोळ्यांची रचनाच तशी आहे. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं हे दोनशे वर्षांपूर्वी टिपून ठेवलं. "कुठला रंग आधी झोपला?" असं मुलांना विचारलं की ती शेवटपर्यंत हलत नाहीत.

एक गोष्ट हळू आवाजात सांगते. पाच-सहा वर्षांचं झालं तरी एखादं मूल लाल आणि हिरव्यात सारखं गोंधळत असेल, पिकलेलं फळ पानांत त्याला चटकन दिसत नसेल, तर त्याला ‘लक्ष नाही’ म्हणून ओरडू नकोस, ओरडू देऊही नकोस. रंगांधळेपण जन्मतः असतं आणि मुलींपेक्षा मुलांत ते पुष्कळ जास्त आढळतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव, साधी ठिपक्यांची तपासणी असते. अशा मुलालाही बाहेर ने. उजळ-गडद, चकचकीत-मंद यांतले फरक ते छान टिपतं. शिवाय रोज मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना जवळचं तेवढं दिसण्याचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे आता पुष्कळ अभ्यासांतून पुढे आलंय. टॉवरमधल्या तुमच्या घरात ऊन येत असलं तरी ते घरातलं ऊन.

झाडांची नावं येत नाहीत म्हणून अडू नकोस. पिल्लाला नाव ठेवू दे, ‘टोपीवालं झाड’, ‘लाल नखांचं झाड’. खरं नाव मागाहून सोसायटीच्या माळ्याला विचारा. आणि मोबाइल पर्समध्ये ठेव. फोटोतला रंग खरा नसतो, आणि फोटो काढला की आपण दोघंही, आई आणि लेकरू, बघायचं थांबवतो.

लांब जायचंच असेल तर धारावीला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. कचरा टाकायच्या जागेवर झाडं लावून ते वाढवलं, १९९४ मध्ये लोकांना खुलं झालं. मलबार हिलवर २०२५ पासून झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून चालायची लाकडी वाट झाली आहे, गिरगावातून जवळ पडते, आणि मुलांना झाड वरून बघायला एरवी कुठे मिळतं? पण मला विचारशील तर राणीची बाग. १८६२ मध्ये खुली झालेली ती वनस्पतींची बाग आहे, प्राणी मागाहून आले. आपण पेंग्विन बघायला धावतो आणि तीन हजारांवर झाडं मागे टाकतो. थंडी सरताना उर्वशी फुलते, लांब देठांवर लाल फुलं आणि त्यांवर पिवळे ठिपके. कैलासपतीची फुलं थेट खोडावर येतात, खाली पडलेलं एखादं मिळतंच. पेंग्विन शेवटी ठेव, पोर दमल्यावर. पहिला तास एका झाडाखाली सतरंजी टाकून बस, चिंध्यांची पिशवी बरोबर घे.

सकाळी साडेनऊला फाटक उघडतं. बुधवारी बाग बंद असते.